दोन सह्यांचा कागद

आलमान मावशी चित्र बघायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायची. ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरासारखे साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून घासून, वर धरून वाळवायची आणि मग पांढरे सुती हातमोजे चढवायची. शेजारी कुणी उभं असेल तर त्यालाही धुवायला लावायची. मी एकदा म्हटलं, "मावशी, मला फक्त बघायचंय, हात लावायचा नाहीये." तर म्हणाली, "बघता बघता हात पुढं जातो गं. वॉर्डात भेटायला येणारे पण असंच म्हणतात." मी नळाकडे गेले.

ग्रां बुआ या आमच्या गावात तिला खऱ्या नावाने हाक मारणारा एकच माणूस होता, तिचा बाप. तो तिला सगुणा म्हणायचा आणि लाडात आला की बायो. बाकी सगळ्या गावासाठी ती आलमान मावशी. आलमान म्हणजे जर्मन, आमच्या बेटावरच्या क्रेओल बोलीतला शब्द. आमच्या मुली नर्सिंग शिकायला इंग्लंडला जायच्या तेव्हा ही एकटी जर्मनीला गेली, चार वर्षं तिथल्या इस्पितळात काढली आणि आई वारल्यावर म्हाताऱ्या बापासाठी परत आली. परदेशातून येणारे लोक रेडिओ आणतात, घड्याळं आणतात. हिने एका पत्र्याच्या नळीत गुंडाळलेले चार कागद आणले. गावाची फार निराशा झाली.

ती माझ्या आईची चुलतबहीण. मी शिष्यवृत्तीवर पुण्याला मराठी शिकून नुकती परतले होते आणि शेजारच्या गावातल्या शाळेत शिकवत होते. माझ्या मराठीचा मला तेव्हा भारी तोरा होता. गावातले लोक 'हाय', 'नाय', 'व्हय' म्हणाले की माझ्या कपाळाला आठी पडायची. सकाळच्या बसमध्ये मी आणि मावशी शेजारी बसायचो. ती जिल्ह्याच्या इस्पितळात उतरायची, मी दोन थांबे पुढे. त्या बसमधल्या गप्पांतून मला ते कागद हळूहळू कळत गेले.

ती एका जर्मन चित्रकाराची शिळाछापाची चित्रं होती. त्याचं नाव मावशी घेत नसे. 'आमचा माणूस' म्हणायची. मी चिडवायची, "नाव घ्यायला लाजतेस का गं, कुंकू लावलंयस त्याच्या नावाचं?" तेव्हा ती हातातल्या पर्सने मला मारायची. त्याच्या देशात त्याच्यावरून भांडणं होत. निम्मे लोक त्याला थोर म्हणत, निम्मे भोंदू म्हणत आणि चित्रकला शिकणारी पोरं त्याच्या मागे वेडी झालेली. तो स्वतः दगडावर चित्र काढायचा, त्याच्या ऐंशी प्रती छापायच्या आणि मग तो दगड घासून कोरा करून टाकायचे. एक्याऐंशीवी प्रत जगात कुणालाही मिळायची नाही. प्रत्येक कागदाच्या खालच्या समासात डावीकडे पेन्सिलीने आकडा आणि उजवीकडे त्याची सही. मावशीच्या कागदांवर दरवेळी एकच आकडा असायचा: ऐंशींतला त्रेचाळिसावा.

तिची नि या माणसाची गाठ पडली ती थंडीमुळे. पहिल्याच हिवाळ्यात एका रविवारी सकाळी तिच्या वॉर्डातली एक बाई गेली. दुपारी ही सुट्टीवर म्हणून रस्त्याने भटकत होती आणि एका कलामंडळाचं दार उघडं दिसलं. "हॉल गरम होता म्हणून आत शिरले," ती सरळ सांगायची. "चित्राबित्राचं मला काय ठाऊक?" आत भिंतीवर एका खाटेचं चित्र होतं. नुसती खाट. चादर चुरगळलेली, उशीला खळगा, माणूस नाही. मावशी त्याच्यासमोर उभी राहून ढसाढसा रडली. परदेशात गेल्यापासून पहिल्यांदा. काउंटरवरच्या म्हाताऱ्या बाईंनी तिला खुर्ची दिली, चहा दिला, आणि तासाभराने तिचं नाव मंडळाच्या सभासदांत घातलं. सभासदांना दरवर्षी या चित्रकाराची एक सही केलेली प्रत मिळे. चिठ्ठ्या टाकल्या, हिला त्रेचाळीस नंबर आला, आणि तोच कायमचा राहिला. खाटेचं चित्र हा तिचा पहिला कागद.

चित्रकाराशी ती आयुष्यात एकदाच बोलली. तो लांब टेबलाशी बसून सह्या करत होता, एक बाई पुढ्यात कागद सरकवत होती आणि सभासद रांगेत उभे होते. हिचा नंबर आला तेव्हा लोकांनी विचारलं तसं हिने चित्राचा अर्थबिर्थ विचारला नाही. त्याच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "तुम्हाला ताप आहे. घरी जा."  तो हसला, तिच्या कागदावर सही केली, पेन्सिल खाली ठेवली आणि खरंच उठून घरी गेला. उरलेल्या सदतीस जणांनी हिच्याकडे काय नजरेने पाहिलं असेल, ते सांगताना मावशी पदरात तोंड लपवून हसायची.

ग्रां बुआला परत आल्यावरही तिने सभासदत्व सोडलं नाही. वर्षातून एकदा बोटीने नळी यायची. पोस्टमन सायकलवरून उतरायच्या आधीच ओरडायचा, "तांतीन, आलमानचा कागद!" तांतीन म्हणजे मावशी. त्या दिवशी घरात गोड व्हायचं. कागद पाटासारख्या दोन फळ्यांमध्ये सपाट ठेवायचे, मध्ये भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंड्या, ओल शोषायला. महिन्याच्या पहिल्या रविवारी एकेक कागद बाहेर काढून उलटा करायचा. याला ती 'कूस बदलणं' म्हणायची. "पडून राहणाऱ्याला एका कुशीवर ठेवलं की पाठ सडते," हे तिचं शास्त्र. प्रत्येक कागदाला इस्पितळातल्यासारखा तक्ता होता. 'क्रमांक तीन. उजव्या बाजूला फिकट डाग. वाढ नाही. प्रकृती स्थिर.' आमच्या भागातल्या दमट हवेत पुस्तकांना महिन्यात बुरा चढतो. मावशीचे कागद मात्र नव्यासारखे कोरे होते.

मला ती चित्रं कळायची नाहीत. एकात नुसती दाराची चौकट, एकात झाडाचं खोड की धूर ते समजू नये असं काहीतरी. मी पुण्यात दोन प्रदर्शनं पाहिलेली, त्या जोरावर एकदा म्हटलं, "यात समजण्यासारखं आहे काय?" ती म्हणाली, "समजायचं कशाला? पेशंट दाखल होतो तेव्हा कुठं लगेच समजतो? बाजूला बसायचं नि बघत राहायचं." पुढे मी तीस वर्षं मुलांना कविता शिकवल्या. याहून चांगलं मला त्यांना काही सांगता आलं नाही.

बेटावरच्याच फिनिक्स गावाहून एक डॉक्टर आले होते, आपलेच मराठी, सरकारी बंगल्यात राहणारे. कुणाकडून तरी ऐकून आले. बघताना मान डोलवत होते आणि शेवटी त्यांनी मागणी केली ती दाराच्या चौकटीची. म्हणाले, त्यांच्या नव्या सोफ्याचा रंग अगदी असाच आहे. मावशीने शांतपणे कागद फळीत घातला आणि विचारलं, "सोफ्याला ताप येतो काय हो डॉक्टर?" डॉक्टर चहा अर्धा टाकून गेले.

आता तिच्या बापाबद्दल सांगायला हवं. आत्मारामआजा जन्मभर ऊसमळ्यात राबला. लिहिता-वाचता येत नव्हतं. पगाराच्या कागदावर, रजेच्या कागदावर, पेन्शनच्या कागदावर त्याने अंगठाच लावला. त्यातून त्याने एक नियम काढला होता आणि तो कुणालाही ऐकवायचा: "एका सहीचा कागद खोटा. सायबाची सही नि आपला अंगठा, दोन्ही लागलं तर कागद." मुलीच्या चित्रांवर एकच सही आहे याची त्याला मनातून काळजी वाटायची. एरवी त्याला त्या कागदांचं कौतुकच होतं. एका वर्षीच्या चित्रात जमिनीत रोवलेली पियोश होती, आमच्याकडे उसाला माती लावायची ती कुदळ. आजा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बायो, कळव त्याला. दांडा असा नाय बसवत. दुपारपर्यंत हात फुटतील त्याचे." मावशीने ते खरंच जर्मनमध्ये लिहून कळवलं. उत्तर आलं नाही, तेव्हा आजा म्हणाला, "बसवत असंल आता नीट."

मी पुण्याहून परत आले त्याच्या पुढच्याच वर्षी मोठा सिक्लोन आला. मावशी इस्पितळात अडकली. घराच्या छपराचे दोन पत्रे उडाले. आजाने इस्पितळातून आलेलं रबरी कापड कागदांच्या फळ्यांना गुंडाळलं, वर गोणपाट टाकलं आणि वारा पडेपर्यंत त्यावर बसून राहिला. मावशी चिखलातून चालत घरी आली तेव्हा तो चिंब भिजून कुडकुडत होता आणि कागद कोरडे होते. "आलमानच्या डोक्यावर बसून तुफान काढलं मी," असं तो नंतर लाबुतिकच्या, म्हणजे दुकानाच्या ओट्यावर सगळ्यांना सांगायचा.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मावशीला एक पत्र आलं. कलामंडळ त्या चित्रकाराचं मोठं प्रदर्शन भरवत होतं. पहिल्या वर्षापासून एकाच नंबरचे सगळेच्या सगळे कागद जपलेले सभासद आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते आणि त्यांत मावशी होती. तिने आपले अकरा कागद घेऊन यावं, जाण्यायेण्याचं मंडळ बघेल, भिंतीवर तिचं नाव लागेल. तिच्या जुन्या इस्पितळातल्या मेट्रननेही लिहिलं होतं: सहा महिने काम कर, आम्हाला माणसं हवीत. मावशी तेव्हा पंचेचाळिशीची होती. ती त्या सकाळी बसमध्ये खिडकीला डोकं टेकून स्वतःशीच हसत होती. इतक्या वर्षांत तिच्या वाट्याला आलेली ही पहिली गोष्ट होती जी फक्त तिची होती. आजा सहा महिने आमच्या घरी राहील असं माझ्या आईने कबूल केलं.

आणि इथे माझी चूक आहे. ती मी आजवर कुठे लिहिली नाही.

त्या आठवड्यात एका दुपारी मी शाळेतून येत होते. आजा त्यांच्या अंगणात लिचीखाली बसला होता. हाक मारली, "मास्तरीण, जरा ये. त्या आलमानच्या कागदावर लिवलंय काय ते सांग." माझ्या हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता, डोकं दुखत होतं. मी म्हटलं, "आकडा आहे आणि सही आहे, आजा."

"सही कशापायी?"

"करार असतो तसं. त्याने दरवर्षी कागद पाठवायचा, हिने तिकडे नाव चालू ठेवायचं."

"म्हंजी त्या सहीपायीच तिला बोलावलंय?"

"हो, तसंच समज," मी म्हणाले आणि निघाले. पाठमोरी असतानाच त्याने परत हाक मारली. "तुज्या शाळंतला शाईचा डबा दे एक दिवस. पेन्शनच्या कागदाला अंगठा लावायचाय." दुसऱ्या दिवशी मी शिक्क्याच्या जांभळ्या शाईचा तो पत्र्याचा डबा त्याला नेऊन दिला. पेन्शनचा कागद पोस्टात भरतात आणि शाई पोस्टातच असते, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

चार दिवसांनी मावशीने कागद बांधायला काढले. मी मदतीला गेले होते. दोघींनी अंगणातल्या नळावर हात धुतले. तिने फळी उचलली आणि तशीच थांबली. खाटेच्या चित्राखाली, समासात, चित्रकाराच्या सहीच्या शेजारी एक जांभळा अंगठा होता. तिने दुसरा कागद काढला, तिसरा काढला. अकराच्या अकरा कागदांवर, त्याच जागी, सरळ, न फाकलेला अंगठा. बाकी कुठेही एक डाग नाही. तांदळाच्या पुरचुंड्या जागच्या जागी. न्हाणीत साबण ओला होता आणि टॉवेल दोरीवर टाकला होता. त्याने आधी हात धुतले होते.

मावशी ओरडली नाही. कागद क्रमाने परत ठेवले, फळी बंद केली, आणि परत जाऊन हात धुतले. मग दारात उभ्या असलेल्या बापाकडे वळून म्हणाली, "तुमची औषधाची वेळ झाली. औषध घ्या."

जन्मभर ती बापाला अरे-तुरे करत आली होती. 'बा, जेवलास का, बा, टोपी घाल.' आमच्या खेड्यांत तेच प्रेमाचं. त्या दिवसापासून ती त्याला अहो-जाहो करू लागली. औषध घ्या, पाय वर घ्या, जेवून घ्या. सगळं वेळेवर, एकही चूक नाही, वॉर्डातल्या कुठल्याही म्हाताऱ्यासाठी करावं तसं. जर्मनीला तिने दोन ओळींचं पत्र टाकलं की कागद खराब झाले आहेत, मी येत नाही. मी म्हटलं, "कागद नसले तरी तू जा ना." ती म्हणाली, "रिकाम्या हातानं जाऊन काय दाखवू? की पू फेर?" काय करणार, असं आम्ही क्रेओलमध्ये म्हणतो तेव्हा पुढे कुणी बोलत नाही.

आजा चार दिवसांत वाळला. एका दुपारी त्याने मला लिचीखाली बोलावलं. यावेळी माझ्याकडे वह्या नव्हत्या. तो हळू बोलत होता.

"माजा आजा रत्नागिरीकडनं आला. एका कागदाला अंगठा लावला नि बोटीत बसला. पाच वर्सं म्हनले होते त्याला. गेला का परत? त्याची आय तिकडं वाट बघत मेली. हिला सा महिनं म्हनत्यात." त्याने आपला उजवा अंगठा पुढे धरला. शाई अजून रेघांत होती. "त्याची सही हाय, माजा अंगठा हाय. आता तो करार माज्याशी. न्यायचं तर मला न्या म्हनावं. बायोला सोडा."

 मी म्हटलं, "आजा, हे तू तिलाच सांग ना."

"ती पेशंटशी बोलती हल्ली," तो म्हणाला. "बाशी नाय. तू सांग, मास्तरीण."

मी 'सांगते' म्हटलं. आणि सांगितलं नाही. सांगायचं तर करार हा शब्द कुणी आजाच्या डोक्यात भरला तेही सांगावं लागलं असतं, आणि शाई कुणी दिली तेही. रोज सकाळी मावशी बसमध्ये शेजारी बसायची आणि मी ठरवायची की आज नको, तिचा राग जरा उतरू दे, उद्या सांगू. असे सतरा दिवस गेले. अठराव्या दिवशी सकाळी मावशी त्याला पेज भरवत होती. "तोंड उघडा," ती म्हणाली. त्याने उघडलं नाही. चमचा धरूनच तिने दुसऱ्या हाताने नाडी पाहिली, आणि मग चमचा वाटीत ठेवला.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर मी तिला सांगितलं. आजा काय म्हणाला ते, शब्दन् शब्द. माझं स्वतःचं त्यातून गाळलं. आजाने आपण होऊनच तसा समज करून घेतला असं मी तिला वाटू दिलं, आणि शाईचं नावच काढलं नाही. ती भांडी पुसत होती. पुसायची थांबली नाही. एक वाटी उपडी ठेवून म्हणाली, "कवा सांगितलं होतं त्यानं तुला?"

"तो जायच्या सतरा दिवस आधी."

तिने माझ्याकडे पाहिलं. "सतरा दिवस मी त्याला 'घ्या' म्हटलं गं," ती म्हणाली. मग ओट्याला टेकून खाली बसली आणि रडली, हातात ते ओलं फडकं धरून. मी जवळ गेले तर हाताने मागे सारलं. एवढीच शिक्षा तिने मला दिली, असं मी पुढे कितीतरी वर्षं समजत होते.

आजाचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं म्हणून त्या वर्षी त्यांच्या घरी गणपती बसला नाही. दरवर्षी ज्या भिंतीशी मखर असायचं तिथे मावशीने अकरा चित्रं लावली, साध्या लाकडी पट्ट्यांत, काचेविना. इतकी वर्षं उजेडापासून जपलेले कागद आता खिडकीसमोर आले. मी म्हटलं, "बुरा लागेल गं." म्हणाली, "लागू दे. माणसं घरीच बरी असतात." गावातले म्हातारे, कधी चित्राच्या वाटेला न गेलेले, चष्मे लावून आले. चित्रांकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही. खाली वाकून अंगठे पाहिले आणि एकमेकांना म्हणाले, "आत्मारामाचाच. बघ, वरच्या कडेला कापल्याची खूण हाय." ऊस तोडताना कोयता लागला होता त्याची.

महिन्याभराने बारावी नळी आली. मावशीने कागद उघडला, पाहिला, मला दाखवला. रिकामी खुर्ची होती की बाक, मला आठवत नाही, कारण मावशीचं बोट समासात होतं, सहीच्या शेजारच्या कोऱ्या जागेवर. "बाची जागा एवढीशीच," ती म्हणाली. हा कागद तिने भिंतीवर लावला नाही. मंडळालाही कळवून टाकलं की आता पाठवू नका.

ऐंशीच्या दशकात तो चित्रकार वारला आणि त्याच्या सह्यांचे कागद शोधत लोक जगभर फिरायला लागले. एक उंच, घामाघूम झालेला गोरा माणूस ग्रां बुआपर्यंत पोचला. भिंतीसमोर उभा राहून त्याने दोन्ही हात डोक्याला लावले. भिंग काढून अंगठे पाहिले आणि जर्मनमध्ये बराच वेळ काही समजावत राहिला. मावशी शांतपणे ऐकत होती. मग तिने एकच वाक्य उच्चारलं आणि त्या माणसाने भिंग खिशात घातलं. तो गेल्यावर मी विचारलं काय झालं. "औषध लावून अंगठा पुसता येतो म्हणाला. मी म्हटलं, या कागदावर दोन सह्या आहेत. एक पुसायची तर दुसरी पण पुसा."

शेवटच्या आजारात तिने स्वतःचा तक्ता स्वतःच लिहिला. नर्सला कोण फसवणार? सुरुवातीला 'प्रकृती स्थिर' असायचं, मग नुसती तारीख आणि ताप. मी रोज शाळा सुटल्यावर जाऊन बसायची. भिंतीवरच्या कागदांना बुऱ्याचे तपकिरी ठिपके आले होते, तिच्याही हातांवर तसेच होते. फार बोलणं व्हायचं नाही. तिनेच शिकवल्याप्रमाणे मी बाजूला बसायची आणि बघत राहायची. गेली तेव्हा त्रेपन्न वर्षांची होती.

भिंतीवरचे कागद गुडलँड्सला राहणारा तिच्या चुलतभावाचा मुलगा घेऊन गेला. त्यांतले चार अजून टिकलेत म्हणतात. माझ्यासाठी तिने एक नळी ठेवली होती आणि तिला सुतळीने बांधलेली एक छोटी पुडी. नळीत बारावा कागद होता. पुडी म्हणजे तिचा पांढरा हातमोजा होता, आत काहीतरी कठीण गुंडाळलेलं. मी तो उलगडला. आत माझ्या शाळेच्या शाईचा डबा होता, झाकणावर शाळेचं नाव रंगवलेला. सोबत तिच्या इस्पितळी अक्षरात एक चिठ्ठी: 'बाच्या उशीखाली सापडला, अंगठे दिसले त्याच दिवशी. तू सांगशील म्हणून वाट पाहिली. परत करते.'

मी तो कागद वर्षातून एकदा काढते. आधी कोपरापर्यंत हात धुते. सहीशेजारी ती जागा अजून कोरी आहे. एकदा डबा उघडून त्यात अंगठा दाबून पाहिला होता. शाई केव्हाच वाळून गेली होती.